नाव बुडवायला खानदेशात

धुळ्याला काय पाहायला गेला होतात, असं परत आल्यापासून चार जणांनी तरी विचारलं. ढेकूण, असं खरं उत्तर दिलं की माणूस आधी हसतो आणि मग माझ्या पिशवीपासून हातभर लांब सरकतो. म्हणून सविस्तरच लिहून काढते. ज्यांना धुळे-जळगावचा योग आलेला नाही त्यांना तेवढीच माहिती होईल, आणि ज्यांना ढेकणांचा योग आलेला नाही त्यांनी आपलं भाग्य समजावं.

हे ढेकूण खाटेतले नव्हेत. झाडाझुडपांवर राहणारी, तांदळाच्या कणीएवढी एक जमात आहे. आमच्या कोकणात काजूचा मोहोर करपवणारा ढेकण्या त्यातलाच. त्यांची ओळख पटवणं आणि त्यांना जातीवार लावणं हा माझा चाळीस वर्षांचा उद्योग. रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हा कॉलेजने माझ्या कार्याची दखल घेऊन झाडू ठेवायच्या खोलीत मला एक टेबल दिलं. देशात या जमातीकडे लक्ष देणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून मी तज्ज्ञ.

शिवाय माझ्या नावावर एक जात होती. बावीस वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर सातपुड्याच्या पायथ्याशी गेले असताना पिवळ्या तिळवणीच्या झुडपावर मला एक ढेकूण सापडला. दिसायला मुंगीसारखा, पंखांच्या जागी नुसते दोन खवले. एकच मिळाला, आणि ती मादी होती. तिच्यावरून मी नवी जात जाहीर केली आणि तिला माझ्या गुरू शालिनीबाईंचं नाव दिलं. गुरूला लोक शाल देतात, मी ढेकूण दिला. आयुष्यात माझ्या हातून झालेलं टिकाऊ काम ते एवढंच, अशी माझी समजूत होती.

तर गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस धुळ्याहून देसले सरांचा फोन आला. ते तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. विभागात ते एकटेच असल्यामुळे या पदासाठी स्पर्धा नव्हती. त्यांना ढेकणांच्या दोन नव्या जाती सापडल्या होत्या. एकीला ते संस्थेच्या अध्यक्षांचं, म्हणजे दादासाहेबांचं, नाव देणार होते आणि दुसरीला दादासाहेबांच्या दिवंगत वडिलांचं. समारंभ ठरला होता, फलक छापून झाला होता, मंडपवाल्याला सांगून झालं होतं. आता फक्त त्या जाती खरोखर नव्या आहेत का, एवढा किरकोळ भाग राहिला होता. त्यासाठी मी दोन ओळी लिहून द्याव्यात, अशी त्यांची विनंती होती. मी म्हटलं, दोन ओळींसाठी मला ढेकूण बघावे लागतील. त्यांना याचं जरा आश्चर्य वाटलेलं दिसलं.

धुळे

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली, दुसरी, तिसरी, अशा सरळ रेषेत. वर्गीकरणाचा धंदा करणाऱ्या माणसाला हे शहर पाहताक्षणी आवडावं. आमच्या रत्नागिरीत पत्ता सांगायचा तर आधी वडाचं झाड, मग पाध्यांचं दुकान, जे आता नाही, मग उतार, असा सांगतात. इथे रिक्षावाल्याला नंबर सांगितला की तो नेऊन सोडतो. अर्थात मला त्याने चुकीच्या नंबरला सोडलं, पण निदान कुठल्या नंबरला चुकलो ते कळलं.

कॉलेजात माझं शाल आणि नारळ देऊन स्वागत झालं. रत्नागिरीहून दिवसभर प्रवास करून आलेल्या बाईला धुळ्यात नारळ मिळाला. तो परत नेताना मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. देसले सर पंचेचाळिशीचे, उंच, सतत घाईत असलेले गृहस्थ. त्यांच्या शर्टाच्या खिशाला चार पेनं होती आणि त्यातलं एकही उठत नव्हतं. पण माणूस प्रामाणिकपणे ढेकणांच्या मागे लागलेला होता, हे त्यांची पेटी उघडल्यावर दिसलं. प्रत्येक किडा नीट टाचलेला, खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव आणि झाड. मोठमोठ्या संस्थांत मी यापेक्षा गबाळ्या पेट्या पाहिल्या आहेत.

दादासाहेबांच्या नावाने राखून ठेवलेली जात सडपातळ, काळसर, लांब पंखांची होती. सगळे नमुने दिव्यावर आलेले. त्यांच्या वडिलांची जात मात्र पाहिली आणि मी खुर्चीत नीट बसले. मुंगीसारखी कंबर, पंखांच्या जागी खवले. ही माझी होती. बावीस वर्षांनी माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. मी आनंदाने सरांना सांगून टाकलं की ही नवी नाही, हिला नाव आहे, ते मीच दिलेलं आहे. एखाद्याच्या आशेवर पाणी ओतताना आपल्याला इतकं बरं वाटू शकतं हे मला त्या दिवशी नव्याने कळलं.

सरांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले की हरकत नाही, फलकावर एक ओळ झाकता येईल, दादासाहेबांची तेवढी राहू द्या. मी सांगितलं की या पंखवाल्याबद्दलही मला शंका आहे. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा साहेबाने याच भागात दिव्यावर आलेले असेच ढेकूण पकडून त्यांना नाव दिलेलं आहे. त्याची चित्रं माझ्या पिशवीत होती. तेव्हा आणखी नमुने पाहिल्याशिवाय आणि किडा राहतो ती जागा पाहिल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नव्हते. समारंभाला चार दिवस होते. सरांनी साडूला फोन लावला आणि गाडी मागवली.

त्या दिवशी जेवायला शेवभाजी होती. वरून बोटभर लाल तेलाचा थर, खाली जाड शेव, मध्ये काळा मसाला. आम्ही कोकणी माणसं तिखटाला घाबरत नाही, असं मी जेवणाआधी म्हटलं होतं. जेवणानंतर मी काहीच म्हटलं नाही. सरांनी न बोलता ताकाचा तांब्या पुढे केला. तिथून आमचं जमलं.

दीपनगर आणि मेहरूण

दिव्यावरचे नमुने दीपनगरचे होते. भुसावळजवळच्या वीजकेंद्राच्या या वसाहतीत सरांचे साडू राहतात. घराबाहेरच्या दिव्याखाली पडलेले किडे ते सरांसाठी गोळा करून ठेवत. शास्त्रासाठी नातेवाइकांना कामाला लावण्याची ही पद्धत मला फार आवडली. साडूंनी पावसाळाभरचे किडे बडीशेपेच्या बाटलीत साठवले होते, आणि त्याच आकाराची दुसरी बाटली बडीशेपेची होती. साडूंच्या पत्नीने दोन्ही आमच्यापुढे ठेवल्या आणि कुठली कशाची ते तुम्हीच ओळखा म्हणाल्या. तज्ज्ञाची परीक्षा अशी घेतात.

बाटलीत पंखवाले तीसेक निघाले. माझ्या मुंगीसारख्यांपैकी एकही नव्हता. मी गाडीत सरांना समजावलं की बघा, दोन जाती अगदी वेगळ्या, एकीला दिव्याची ओढ, दुसरी झुडूप सोडत नाही. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

मुक्काम जळगावला होता. सकाळी आम्ही मेहरूण तलावाच्या काठाने तिळवण शोधत हिंडलो. तिळवणीची पानं चिकट असतात, आणि ज्या किड्यांना त्या चिकटपणातून मजेत चालता येतं ते तिच्यावर अडकलेले बारके जीव खाऊन राहतात. तिला फुकट जेवण देणारी खाणावळ म्हणायला हरकत नाही. इतके लहान किडे हाताने धरता येत नाहीत. एक बारीक नळी किड्यावर धरायची आणि दुसऱ्या नळीने ओढून घ्यायचं, म्हणजे तो मधल्या बाटलीत येतो. हे मी गुडघे टेकून करत होते, तेवढ्यात फिरायला आलेले एक आजोबा थांबले. त्यांनी सरांना विचारलं की बाईंना दमा किती वर्षांपासून आहे. सर काही बोलायच्या आत त्यांनी अडुळशाच्या पाल्याचा काढा, तो कसा करायचा आणि कुणाकुणाला त्याने गुण आला, हे सगळं सांगितलं. मी मान हलवून ऐकून घेतलं, कारण तोंडात नळी होती. दुसऱ्या एका बाईंनी डासांसाठी तलावाची दुसरी बाजू तपासा, तिकडे जास्त आहेत, अशी तक्रार नोंदवली. तासाभरात दमा आणि डास, दोन्हींवर सल्ला मिळाला, ढेकूण एकही नाही. शेवटी मी काठावरच्या चिखलात घसरून बसले आणि सरांनी तो दिवसाचा शेवट मानला.

सातपुड्याच्या पायथ्याशी

मुंगीसारखे नमुने सरांच्या मावशीच्या शेतातले होते. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याला लागून असलेल्या गावात या कमलअक्का राहतात. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, कपाळावर गोंदलेलं, आणि बोलणं सगळं खानदेशी. वाटेत केळीच्या बागा संपल्या की कोरडवाहू शेतं लागतात, कापूस आणि ज्वारी, आणि मागे डोंगर असा उभा राहतो की त्याला काही सांगायचं आहे पण तो सांगणार नाही.

अक्कांच्या शेताच्या बांधावर तिळवण माजलेली होती. गावात बाकीच्यांचे बांध स्वच्छ. फोडणीत घालायला तिचं बी लागतं म्हणून अक्का ती ठेवतात, आणि शेजारी त्यावरून त्यांना आळशी म्हणतात. मी आल्या आल्या खाली बसले आणि शोधायला लागले. अक्का थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग मला हाताला धरून चार पावलं पुढे नेलं.

"बांध बठ्ठा भरेल शे," त्या म्हणाल्या. "तुमी एकच झाड धरी बसनात."

खरोखर सगळा बांध भरलेला होता. प्रत्येक झाडावर माझे मुंगीसारखे ढेकूण होते. पण त्यांच्याबरोबर दीपनगरचे पंखवालेही होते. मी जरा गोंधळले. सर खूष झाले, दोन्ही जाती एकाच झाडावर, फोटो चांगला येईल म्हणाले. अक्कांनी वाकून पाहिलं आणि आम्ही काय म्हणतो ते त्यांना कळेना. दोन कशा? सरांनी समजावलं की हा एक प्रकार आणि हा दुसरा प्रकार. अक्का हसल्या नाहीत. शहाण्या माणसांशी बोलताना वापरतात त्या सुरात त्यांनी सांगितलं.

"बापू, ह्या दोन नही शेतस. एकच घर शे. हाऊ नवरा, हाई बायको. हाऊ दिवावर जास. हाई घर सोडस नही."

आणि त्यांनी एक डहाळी वळवून धरली. पानाच्या खाली एक पंखवाला आणि एक मुंगीसारखी पाठीला पाठ लावून जोडलेले होते. पुढच्या झाडावर आणखी एक जोडी. त्याच्या पुढच्या झाडावर आणखी.

एखाददुसरी जोडी चुकून जमू शकते, किड्यांतही तसलं होतं. म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत गोळा करत राहिलो आणि अक्कांच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. जेवढे पंखवाले होते ते सगळे नर निघाले. जेवढ्या मुंगीसारख्या होत्या त्या सगळ्या माद्या. दीपनगरची बाटली पुन्हा काढली. तीसच्या तीस नर. सरांची पेटी पुन्हा आठवली. म्हणजे आमच्याकडे एक जात होती जिच्यात फक्त नवरे होते, आणि एक जात होती जिच्यात फक्त बायका होत्या, आणि त्या दोन्ही जाती पिढ्यान्‌पिढ्या कशा चालल्या होत्या हा प्रश्न दोन प्राध्यापकांना पडला नव्हता.

शेवटचं काम राहिलं होतं. या ढेकणांत जात पक्की करायची ती नराच्या जननेंद्रियावरून. त्याच्या टोकाला एक आकडी असते आणि तिचा आकार प्रत्येक जातीत वेगळा. जोडीतल्या तीन नरांची आकडी मी सोडवून पाहिली. कोयत्यासारखी, टोकाला वळलेली. पिशवीतलं जुनं चित्र काढलं. तीच. साहेबाने शंभर वर्षांपूर्वी दिव्यावर नवऱ्यांना पकडून नाव दिलं होतं आणि बावीस वर्षांपूर्वी मी त्यांच्यातल्या एका बायकोला वेगळं नाव देऊन वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं होतं. आमच्या शास्त्रात नियम सोपा आहे. एका जातीला दोन नावं पडली असतील तर आधीचं राहतं, नंतरचं बाद होतं. सरांच्या दोन्ही जाती गेल्या, आणि तिसरी माझी गेली. गुरूचं नाव बुडवणारा शिष्य, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते आता छापून जाहीर करायचं होतं.

अक्कांनी डुबुकवडे, म्हणजे झणझणीत रश्शात सोडलेले बेसनाचे गोळे, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. सर जेवता जेवता हळूच बोलू लागले. ते म्हणाले की हे कळलंय फक्त इथे बसलेल्यांना. त्यांनी मुंगीसारखी माझी म्हणून सोडून दिली, आणि मी पंखवाल्याला नवी जात म्हणून दोन ओळी दिल्या, तर कुणाचंच नुकसान नाही. पुढची शंभर वर्षं कुणी त्या दोघांना एका झाडावर बघायला जाणार नाही. हे ते लाचारीने म्हणाले नाहीत, फक्त फार दमलेल्या आवाजात म्हणाले. दादासाहेबांपुढे जाऊन काय सांगायचं, याचं भय त्या आवाजात होतं. बारा वर्षं ते त्या कॉलेजात हंगामी होते आणि कायम होऊन दोनच वर्षं झाली होती.

मी लगेच नाही म्हटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी आणखी एक भाकरी घेतली. तेवढ्या वेळात मी स्वतःला बरंच काही पटवून दिलं. शालिनीबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांच्या हयातीत कशाला, इथवर मी पोचले होते.

अक्कांनी विचारलं की दुपारी एवढ्या उड्या मारत होतात, आता मयत झाल्यासारखे का बसलात. सरांनी त्यांना त्यांच्या बोलीत सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव जुनं निघालं, म्हणून बायकोचं नाव आता जाणार, आणि ते नाव या बाईंनी ठेवलेलं होतं. अक्कांनी भाकरीवरचा हात थांबवला नाही.

"लगीनमा मन्हं बी नाव बदली टाकं," त्या म्हणाल्या. "मी काय मरी गई?"

सर हसले. मग मीही हसले, पण मला वाटतं मी जास्त वेळ हसले. माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे माझं नाव आहे ते शाबूत आहे, आणि एका ढेकणाचं बदलायला मात्र माझा जीव जात होता. सरांना मी सांगितलं की दोन ओळी मिळणार नाहीत. दोन पानं मिळतील, आणि त्यांत खरं असेल तेच असेल. त्यांनी मान हलवली. बहुधा त्यांनाही तेच हवं होतं, फक्त ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं.

पुन्हा धुळे

समारंभाच्या दिवशी सकाळी आम्ही दादासाहेबांच्या कचेरीत गेलो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पेनं पाच केली होती. दादासाहेब पांढऱ्या कपड्यातले, घशातून सावकाश बोलणारे गृहस्थ. चहा आला. मग मी बोलायला सुरुवात केली, तर सर उठून उभे राहिले आणि म्हणाले की हे मला सांगू द्या, चूक माझी आहे. त्यांनी सगळं सांगितलं. नर, मादी, दिवा, तिळवण, जुनं नाव. मावशीचंही सांगितलं. नव्या जाती नाहीत, एकही नाही, आणि फलक छापला ती घाई झाली.

दादासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे ढेकणाला माझं नाव लागणार नाही?"

सर म्हणाले, नाही. मग दादासाहेब खुर्चीत मागे रेलले आणि इतक्या दिवसांचं मनातलं बोलून गेले. फलक लागल्यापासून विरोधी गटाने गावभर चालवलं होतं की अध्यक्षांची जात अखेर शास्त्रज्ञांनी शोधून काढली, रक्त पिणारी. घरात नातवंडं हसत होती. पण प्राध्यापक एवढ्या कष्टाने मान देताहेत तर नको कसं म्हणायचं, म्हणून ते गप्प बसले होते. वडिलांचंही नाव होतं म्हटल्यावर तर बोलायचीच सोय नव्हती. त्यांनी सरांना जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा असं काही सापडलं तर आधी मला विचारा, असं फार मायेने सांगितलं.

समारंभ झाला, कारण मंडप उभा होता. फलकावर कागद चिकटवून "कीटकशास्त्र जागृती" असं लिहिलं. मला दुसरी शाल आणि दुसरा नारळ मिळाला. देसले सरांनी भाषणात नवऱ्यांची एक जात आणि बायकांची एक जात ही आमची फजिती विद्यार्थ्यांना जशीच्या तशी सांगितली. पोरं खळखळून हसली आणि नंतर चार-पाच जणी पेटी बघायला विभागात आल्या. विभागात इतकी माणसं एका वेळी कधी आली नव्हती म्हणे.

परतीच्या गाडीला वेळ होता. बसस्थानकावर बाकावर बसून मी शालिनीबाईंना फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या मोठ्याने बोलतात आणि आपल्यालाही ओरडावं लागतं. मी सांगितलं की आपली जात म्हणजे त्या दिव्यावरच्या जुन्या जातीची मादी निघाली. त्यांचा पहिला प्रश्न आला, नराचं जननेंद्रिय तपासलंस का. मी भर स्थानकात ओरडून सांगितलं की तपासलं, तीन नरांचं तपासलं, तिन्ही सारखी आहेत. बाकावर शेजारी बसलेलं कुटुंब सामान उचलून पलीकडे गेलं.

बाईंनी आकडीचा आकार विचारला. मी तोही ओरडून सांगितला.

"मला तेव्हाच शंका होती," त्या म्हणाल्या. "एका मादीवरून जात उभी करू नकोस, नर मिळेपर्यंत थांब, असं मी तुला पत्र लिहिलं होतं."

असं पत्र मला मिळालं नाही, मी म्हटलं.

"टाकलंच नाही. तेवढ्यात तुझं पत्र आलं, की नाव माझं देते आहेस. मग मी माझं कपाटात ठेवलं."

रत्नागिरीला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले. पत्रांच्या काळात त्या परगावी होत्या, आता आमच्याच गावात राहतात. पत्र टेबलावर काढून ठेवलेलं होतं. दीड पान. नर बहुधा दिव्यावर येणारा पंखवाला असेल, दोन्हींची तुलना करून पहा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. पाकिटावर माझा पत्ता होता, तिकीटही लावलेलं होतं. आम्ही दोघींनी चहा घेतला. त्या विषयावर त्यांनी एवढंच म्हटलं की निबंधावर पहिलं नाव धुळ्याच्या त्या मास्तरांचं घाल, आणि आभारात त्यांच्या मावशीचं.

मी तसं केलं. शिवाय माझ्या मनाने एक वाक्य वाढवलं, की या दोन नावांखालची जात एकच असावी ही शंका शालिनीबाईंनी बावीस वर्षांपूर्वीच एका पत्रात व्यक्त केली होती. जातीवरून नाव जात होतं, निदान निबंधात राहील, असा हिशेब. मसुदा त्यांना वाचायला दिला. तिसऱ्या दिवशी परत आला. एका आकृतीचा क्रमांक दुरुस्त केलेला होता, दोन स्वल्पविराम उडवलेले होते, आणि ते वाक्य पेन्सिलीने आडवी रेघ मारून खोडलेलं होतं. समासात त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, न टाकलेलं पत्र पुरावा होत नाही.

मी वाक्य काढलं आणि निबंध पाठवून दिला.